माझ्या परड्यातले तुझे असील

इरू,

आज सकाळी कारभारी आरवला आणि शेजारच्या बिल्डिंगमधली दुसऱ्या मजल्यावरची खिडकी धाडकन बंद झाली. रोजच होते. मी परड्यात पाण्याची भांडी विसळत होतो. खिडकीकडं बघून हात जोडले आणि मग उगाच फाटकाकडं बघितलं. या वेळेला तुझी स्कूटर यायची. गल्लीच्या तोंडालाच तिचा फाटका आवाज ओळखू यायचा आणि सगळ्या कोंबड्या जाळीपाशी गोळा व्हायच्या. आता आवाज येत नाही, तरी त्या गोळा होतात. मीही होतो.

लोक भेटतात, विचारतात, "इराप्पा गेला. आता ह्या कोंबड्यांचं काय करणार इलास?" मी "बघू" म्हणतो. काय सांगणार? विकायच्या म्हटलं तर चांगल्या असील जातीच्या कोंबड्याला गिऱ्हाईक एकच, झुंजी लावणारा. खायच्या म्हटलं तर घास उतरणार नाही. पुण्याहून पोरगी दर रविवारी फोन करते, "पप्पा, आईला घेऊन इकडं या, एक खोली तुमचीच ठेवलीय." शालनचं सामान मनानं कधीच बांधून झालंय. पण परड्याला कुलूप लावून जाता येत नाही. तिन्ही बाजूंनी आता बिल्डिंगा आल्यात, मध्ये आपलं परडं विहिरीसारखं खोल दिसतं, आणि त्या विहिरीच्या तळाला मी, कारभारी आणि उरलेल्या चार माद्या. तू गेलास तो सुटलास असं तुझ्या दारात सगळे म्हणत होते. तू मला मात्र बांधून गेलास.

आणि बांधलंस तरी कसं, तर एका "बरं" वर. त्यावर येतो. आधी मला कबनूरच्या बाजाराचं बोलू दे, कारण ते आठवलं की तुझ्यावरचा राग थोडा वेळ उतरतो.

आपली ओळख तेव्हा नवीच होती. मी कारखान्यात फिटर, तू बापाच्या धान्याच्या पेढीवर बसणारा. माझे वडील गेले आणि त्यांचा म्हातारा असील कोंबडा माझ्याकडं राहिला, त्याच्यासाठी मी तुझ्याकडून ज्वारीची कणी न्यायचो. तू एकदा विचारलंस, "रोज एवढी कणी कशाला वो लागती?" मी सांगितलं. तुझा चेहरा असा झाला, जणू मी तुझ्या लहानपणीच्या मित्राचा पत्ता सांगितला. दुसऱ्या दिवशी पेढी उघडायच्या आधी तू माझ्या परड्यात हजर. कपाळावर भस्माचे पट्टे, पांढराशुभ्र शर्ट, आणि लिंगायताच्या घरात जन्मलेला, अंड्यालाही कधी बोट न लावलेला माणूस त्या कोंबड्यापुढं उकिडवा बसलेला. लहानपणी आजोळी, सीमेवरच्या गावात, कुणाच्या तरी दारात असा कोंबडा बघून तू दिवसभर तिथंच बसला होतास आणि घरी गेल्यावर मार खाल्ला होतास. ते तू मला त्या सकाळी सांगितलंस. "इलास, हा पक्षी उभा राहतो कसा बघ की. कुणाच्या बापाला भीत न्हाय."

त्याला मादी पाहिजे होती. महिनाभर आपण बाजार पालथे घातले आणि शेवटी कबनूरला यंत्रमागावरचा एक कामगार भेटला. बुट्टीत पांढऱ्या ब्रॉयलरच्या गर्दीत त्यानं एक काळपट मादी कोंबली होती. शेपटी गळालेली, चिखलानं माखलेली. मी पुढं गेलो होतो. तू मागून हाक मारलीस.

"इलास, डोळा बघ हिचा."

तू तिचं तोंड उन्हाकडं फिरवलं होतंस. बुबुळ पांढुरकं, मोत्यासारखं. डोक्यावर तुरा म्हणावा असा तुराच नाही, वाटाण्याचे दाणे तीन ओळींत चिकटवल्यासारखा खरबरीत उंचवटा. गळ्याखाली लोंबणारं लाल कातडं नाही. चोच आखूड आणि पोपटासारखी बाकदार. मग तू तिला उलटी धरलीस आणि छातीच्या हाडावरून बोट फिरवलंस. तिथं नुसती लाल कातडी होती. मी म्हटलं, रोगानं पिसं झडलीत. तू म्हणालास, "रोग न्हाय. जातीच्याला हितं पिसं नसत्यात."

तो कामगार हसला. "पावणं, म्हातारी हाय ती. रस्सा बी हुणार न्हाई."

"रस्सा कुणाला करायचाय?"

"मग कशाला न्हेतायसा?"

"बघायला," तू म्हणालास.

परत येताना तिला तू मांडीवर घेऊन मागं बसला होतास. तिनं तुझ्या पांढऱ्या शर्टाचं जे करायचं ते केलं. तशा अवतारात घरी जायची सोय नव्हती. शालननं माझा शर्ट दिला, चहा दिला. तू आमच्या चुलीसमोर पाटावर बसून दोन कप प्यालास आणि माझा शर्ट घालून घरी गेलास. आमच्या वस्तीतली माणसं आठवडाभर मला विचारत होती, तो भस्मवाला शेठ तुझ्या घरात चहा प्याला व्हय? मी म्हणायचो, दोन कप.

त्या मादीचं नाव तू मोती ठेवलंस. हा कारभारी आणि त्या चार माद्या, सगळं तिच्याच वंशाचं.

मग प्रदर्शनं सुरू झाली. शेतीच्या प्रदर्शनात कोंबड्यांचा एक मांडव असायचा, तिथं आपण पहिल्यांदा गेलो ते आठवतं? आदल्या दिवशी तू मोतीच्या पोटच्या कोंबड्याचे पाय लिंबानं घासलेस, नख्या साफ केल्यास, खोबरेल बोटावर घेऊन एकेक पीस चमकवलंस. आणि मांडवाच्या दारात आल्यावर पिंजरा माझ्या हातात दिलास.

"नाव तुझं सांग."

"कोंबडा तुझा, मी का नाव सांगू?"

"बाबा पेढीवर बसतोय अजून. माइकवरनं माझं नाव कोंबड्याबरोबर ऐकलं तर गल्ल्यावरनं खाली पडंल."

तसं तर तसं. पहिला नंबर आला. माइकवरून माझं नाव घुमलं, आमच्या गावाचं "कसबा बावडा" घुमलं. माझं नाव असं चारचौघांत, चांगल्या कारणानं, मोठ्या आवाजात त्याआधी कुणी घेतलं नव्हतं. मी कप घेतला, फोटोला उभा राहिलो, आणि गर्दीत सगळ्यांचं थांबल्यावरही एक माणूस टाळ्या वाजवत होता. परका असल्यासारखा लांब उभा राहून. तो आनंद तू मला दिलास, इरू, आणि त्याच हातानं एक काटाही दिलास. कारण पुढं तुझे बाबा गेले, पेढी तुझी झाली, केस पिकले, तरी तू कधी पिंजऱ्याशेजारी येऊन उभा राहिला नाहीस. मी एकदा विचारलं. तू म्हणालास, "सवय झाली आता." आमच्या घरातल्या सगळ्या फोटोंत मी आहे, कोंबडा आहे, कप आहे. तू एकाही फोटोत नाहीस.

तुझ्या घरी मी पहिल्यांदा आलो तेव्हा गिरिजावहिनींनी चहा दिला. कप वेगळा होता का हे मी बघितलं नाही. बघायचं नाही असं ठरवूनच जिना चढलो होतो.

आता भांडणाचं. ते अर्धवट राहिलंय, आणि ते तुझ्यामुळं राहिलंय.

शेवटच्या प्रदर्शनात आपण कारभारीला नेलं. लाखी रंगाचा, मान धनुष्यासारखी, शेपूट खाली झुकलेली, उभा राहिला की छातीत नकळत हवा भरावी असा. मांडवात सगळ्यांची नजर त्याच्यावर. परप्रांतातून आलेले पंच होते, वयस्कर, शांत. त्यांनी कारभारीला पिंजऱ्यातून काढलं, डोळा बघितला, चोच बघितली, मान डोलावली. मग छातीच्या हाडावरून बोट फिरवलं आणि बोट मध्येच थांबलं. त्यांनी माझा हात धरून माझं बोट तिथं ठेवलं. हाड वाकडं होतं, अगदी थोडंसं. डाव्या पायाचं एक बोटही आत वळलेलं होतं. पंच म्हणाले, "पक्षी अस्सल आहे. पण भाऊ-बहिणीत, बाप-लेकीत फार पिढ्या झाल्या. बाहेरची मादी आणा, नाहीतर हे घराणं तुमच्या डोळ्यांदेखत संपेल."

नंबर नाही आला. तू गर्दीत होतास. तुला पुढं येऊन वाद घालायचा होता, तुझे ओठ हलताना मला दिसत होते. पण पुढं यायचं तर कोंबडा कुणाचा ते सांगावं लागलं असतं. तू जागचा हलला नाहीस.

बाहेर चहाच्या गाड्यावर तू फुटलास. "त्या पंचाला काय कळतंय? बाहेर सगळी भेसळ हाय. कुणी ब्रॉयलरचं रक्त घातलंय, कुणी परदेशी झुंजीच्या कोंबड्याचं. आपल्याकडं शुद्ध राहिलंय ते घालवायचं व्हय?"

"इरू, गेल्या साली किती अंडी मेली बघितलंस न्हवं?"

"मरू देत. चार निघतील ती शुद्ध निघतील."

मी कप खाली ठेवला. इतक्या वर्षांत जे बोललो नव्हतो ते तोंडात आलं. "शुद्ध शुद्ध काय लावलंयस? माझ्याम्होरं तरी त्यो शब्द जपून वापर."

तू हळू म्हणालास, "मी कोंबड्याचं बोलतोय."

"मला ठाऊक हाय कशाचं बोलतोयस."

"मग?"

"मग काय न्हाय. रक्त राखायचं, बाहेरचं येऊ द्यायचं न्हाय, ही भाषा आमी लई पिढ्या ऐकलीया. ऐकून ऐकून कान किटलं. तुज्या तोंडातनं आली की जास्त लागती."

तुझा चेहरा मला अजून दिसतो. तुला राग आला नव्हता. ज्या घरात जन्मभर राहिलो त्या घराला आणखी एक दार आहे असं कळल्यावर माणूस गोंधळतो, तसा तू गोंधळला होतास. तू काहीतरी म्हणणार होतास, तेवढ्यात टेम्पोवाला हाका मारायला लागला. ते राहिलं ते राहिलंच.

पंधरा-वीस दिवस तू आला नाहीस. मग एका सकाळी स्कूटरवर कणीचं पोतं घेऊन आलास. कारभारीपुढं बसून राहिलास बराच वेळ. उठताना, माझ्याकडं न बघता म्हणालास, "इलास, शब्द दे. मी आसलो-नसलो तरी ह्या परड्यात बाहेरची मादी येणार न्हाई."

मला वाटलं, माणूस भांडण मिटवायला आलाय, कशाला ताणायचं? मी "बरं" म्हणालो.

त्यानंतर दोनच महिन्यांनी तुझी उजवी बाजू गेली.

तुझं शाहूपुरीतलं जुनं घर पाडून बिल्डिंग झाली होती, तुम्ही चौथ्या मजल्यावर. दवाखान्यातून तुला तिथं आणलं ते तू पुन्हा खाली उतरलाच नाहीस. वाचा गेली होती, म्हणजे बोलायचास, पण शब्द ओले होऊन एकमेकांना चिकटल्यासारखे यायचे. मी येऊन बसायचो. तू डाव्या हातानं हवेत कोंबड्याची मान काढून दाखवायचास. मी म्हणायचो, "बरा हाय कारभारी." तू खिडकीकडं बोट करायचास. खाली न्या, एवढंच मागत होतास. तुझा सचिन वाईट पोरगा नाही, पण घाबरलेला. "काका, डॉक्टर म्हणालेत इन्फेक्शन व्हायला नको. त्यात पक्षी म्हणजे..." मी परत जिना उतरायचो. लिफ्ट होती, पण मला त्या डब्यात शिरवत नव्हतं.

शेवटी मीच कारभारीला डालग्यात घालून, वर ओलं फडकं बांधून, तुझ्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये घेऊन आलो. वॉचमन आडवा आला. मी म्हटलं, वरच्या शेठना दाखवायचाय. तो म्हणाला, वरचे शेठ खात नाहीत. मी म्हटलं, म्हणूनच. त्याला काही कळलं नाही, पण तो बाजूला झाला. वहिनींनी तुझी खुर्ची गॅलरीत आणली. मी डालगं उघडलं. कारभारी बाहेर आला, अंग झटकलं, गाड्यांच्या मधोमध उभा राहिला आणि त्यानं अशी बांग दिली की सगळं पार्किंग दणाणलं. सगळ्या गॅलऱ्यांतून माणसं डोकावली. आणि वर तू हसत होतास. अर्ध्याच तोंडानं, पण हसत होतास. सगळ्या बिल्डिंगसमोर, आपल्या कोंबड्याकडं बघून.

मला वाटलं, आत्ताच विचारावं. मी खालून ओरडलो, "इरू, अंड्यातनं काय निघंना गड्या! बाहेरची आणू का?"

तू डावा हात वर केलास. काहीतरी बोललास. तीन-चार शब्द होते. मी "काय?" म्हणून ओरडलो, तू पुन्हा बोललास. मला कळलं नाही. हात "आण" म्हणत होता की "थांब" म्हणत होता तेही कळलं नाही. ऊन तोंडावर येत होतं, वहिनींनी खुर्ची आत फिरवली. मी म्हटलं, पुढच्या खेपेला जवळ बसून नीट विचारू.

पुढची खेप आली ती तुला पोचवायला. तुला बसवलं होतं, तुमच्यात बसवतात तसं, कपाळभर भस्म, गळ्यात फुलं. मान थोडी कलली होती. स्मशानात जंगमांनी मंत्र म्हटले, सगळ्यांनी बेलाची पानं आणि माती टाकली. मी मागं उभा होतो. सचिननं मला पुढं बोलावलं आणि पाहुण्यांना सांगितलं, "हे कोंबडीवाले काका." त्यानं प्रेमानंच सांगितलं. मी माती टाकली. मनात म्हटलं, इरू, आज तरी सांग की ह्यांना, कोंबडीवाला कोण होता ते.

आठवड्यानं सीमेकडचा एक झुंजीवाला आला. पायांत ब्लेड बांधून कोंबडे लढवतात, त्यांतला. कारभारीला बघून त्याचे डोळे चमकले. मी फाटकातूनच वाटेला लावला. त्याच आठवड्यात शेजारच्या सोसायटीचे दोघं येऊन गेले, भाषा गोड, पण आवाज बंद करा म्हणून. त्याच आठवड्यात एका मादीखालची सगळी अंडी कुजलेली निघाली. मी खुराड्याच्या दारात बसलो ते उठवेचना. शालन म्हणाली, "आवं, मेलेल्या माणसाला दिलेला शब्द आन् ही मरणारी पाखरं. ह्यात तुम्हीबी जाणार हाय का?" मी तिच्यावर ओरडलो. ती बरोबर होती, म्हणून जास्त जोरात ओरडलो.

आणि मग वहिनी आल्या.

मला खरं वाटलं नाही. रिक्षा फाटकाशी थांबली, सचिन आतच बसून राहिला, आणि वहिनी पदर नाकाला लावून परड्यात आल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी खुर्ची आणली, त्या बसल्या नाहीत. जाळीपाशी उभ्या राहिल्या.

"ह्यांची कुठली ह्यातली?"

"सगळीच त्याची, वहिनी."

"घरात तर म्हणायचे, इलासची हायत, मी नुसता बघाय जातो."

त्यांनी कारभारीकडं बोट केलं. "हाच न्हवं, खाली येऊन वरडला त्यो?"

"व्हय."

मग मी धीर करून विचारलं. "वहिनी, त्या दिवशी गॅलरीत तो काय म्हणाला? तुम्ही जवळ हुता."

वहिनींनी पदर नाकावरून खाली घेतला. "मलाबी कळलं न्हाई वो. मी आपलं व्हय म्हणाले. शेवटी शेवटी मी सगळ्यालाच व्हय म्हणत हुते."

झालं. तो एक दरवाजा होता, तोही बंद झाला. आता ते तीन-चार शब्द कुणालाच कधी कळणार नाहीत.

वहिनी जाळीतून बघत होत्या. "पिल्ली दिसनात ती?"

मी सांगितलं. जवळच्या जवळच्यात जोड्या लावल्या, रक्त थकलं, अंड्यातच मरतात. बाहेरची मादी आणायला पाहिजे, पण इरूला शब्द दिलाय. मला वाटलं, त्यांना ह्यातलं काय कळणार. त्या बोलल्या, एकदम सपाट आवाजात, बाजाराचा भाव सांगावा तशा.

"तुमाला ठाऊक हाय का, ह्ये माझं सख्खं मामा. आमच्यात मामाला भाची देत्यात. घरचं घरात ऱ्हातंय म्हणून. सचिनच्या आधी दोन झाली मला. एक चार दिवस जगलं, एक तेवढंबी न्हाई. मिरजेचा डॉक्टर म्हणाला, एकाच रक्तातलं हाय, म्हणून आसं हुतंय. त्या दिवसापास्नं ह्यांनी त्या गोष्टीचं नाव काढलं न्हाई. मीबी काढलं न्हाई."

इरू, आपली ओळख व्हायच्या आधीचं हे. पण नंतर तीस वर्षं आपण रोज सकाळी एकत्र होतो. कुठल्या कोंबडीच्या कुठल्या पिल्लाच्या पायाचं कुठलं नख वाकडं होतं ते आपण बोललो, आणि हे तू मला सांगितलं नाहीस. चहाच्या गाड्यावर मी तुला जे बोललो ते तुला नेमकं कुठं लागलं असेल, हे मला त्या परड्यात कळलं. मी माझं दुखणं सांगत होतो. तुझं तू तोंडातच ठेवलंस.

वहिनी रिक्षाकडं वळल्या. फाटकाशी थांबून म्हणाल्या, "आणा की बाहेरची. मी सांगते म्हणून आणा. त्यांनी काय म्हटलं असतं त्ये मला नका विचारू. मी काय म्हणते त्ये आजपातुर कुणी विचारलं न्हाई."

चार दिवसांनी मी नृसिंहवाडीच्या अलीकडं, नदीकाठच्या एका मळ्यातून मादी आणली. मी तुला खोटं सांगणार नाही. तुझ्या कसोटीला ती उतरली नसती. तुरा बरोबर आहे, छातीचं हाड सरळ आणि मोकळं आहे, उभी छान राहते. पण डोळा मोतिया नाही, पिवळसर आहे. चार पिढ्यांमागं तिच्यात काय मिसळलंय ते त्या मळेवाल्यालाही माहीत नाही. तिला कारभारीच्या बाजूला सोडताना माझा हात जाळीच्या कडीवर कितीतरी वेळ होता. तू असतास तर मला हे जमलं नसतं. आणि जमलं म्हणून बरं वाटतंय असंही नाही. शब्द मोडून सुटका होत असेल असं वाटलं होतं, पण मी अजून इथंच आहे, त्याच तीन भिंतींच्या मध्ये. पुण्याला काही मी जात नाही आता. शालनला सांगून टाकलं. ती दोन दिवस बोलली नाही.

मादी अंड्यांवर बसली. परवा वहिनी पुन्हा आल्या. या वेळी सचिनही आत आला, हात खिशात घालून. मी त्यांना चहाचं विचारलं, तर वहिनी म्हणाल्या, "द्या की," आणि ओसरीवर बसून प्यायल्या. मग मी त्यांना आतल्या अंधाऱ्या खोलीत नेलं, दार लावलं, आणि बॅटरीच्या उजेडावर एक अंडं धरलं. गेल्या दोन वर्षांत त्या उजेडात मला नुसतं पिवळं पाणी दिसायचं, नाहीतर काळी गाठ. आता आत लाल शिरांचं जाळं होतं, आणि मध्ये एक ठिपका.

वहिनी वाकल्या. अंड्याला हात लावला नाही, पण श्वास माझ्या बोटांवर येईल इतक्या जवळ वाकल्या.

"अय्यो," त्या म्हणाल्या. "हलतंय की."

सचिनही मागून बघत होता. त्यानं विचारलं, "काका, ह्याला आता असीलच म्हणायचं का?"

इतकी वर्षं हा प्रश्न कुणी विचारला की मी मान वळवून तुझ्याकडं बघायचो. मी म्हटलं, "वाढल्यावर डोळा बघून सांगतो." आणि म्हणता म्हणता लक्षात आलं, इरू, की आता तो डोळा मलाच बघायचा आहे.